गरज ज्याची, शोध त्याचा

नवी वस्तू कोण शोधतं? ती बनवणारी कंपनी, असं आपण गृहीतच धरतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले संशोधक एरिक फॉन हिप्पेल यांनी हे गृहीतक तपासायला घेतलं. गॅस क्रोमॅटोग्राफ, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक अशा वैज्ञानिक उपकरणांमधल्या १११ सुधारणा त्यांनी निवडल्या आणि प्रत्येकीचा उगम शोधला. १९७६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. खरोखर उपयोगी ठरलेल्या सुधारणांपैकी सुमारे ८० टक्के उपकरणं वापरणाऱ्यांनीच केल्या होत्या. पहिला नमुना त्यांचा, पहिली चाचणीही त्यांचीच. कंपनी आली ती नंतर.

असं का व्हावं? फॉन हिप्पेल म्हणतात, माहिती ‘चिकट’ असते. नेमकं कुठे अडतं हे वापरणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, पण ते दुसऱ्याच्या डोक्यात उतरवायला वेळ आणि पैसा फार लागतो. त्यापेक्षा स्वतःच हात चालवणं सोपं जातं.

मग इंटरनेट आलं आणि अशा एकेकट्या माणसांची गाठ पडू लागली. अपाचे हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर वापरणारे लोक अनोळखी माणसांच्या शंका फुकट का सोडवतात, याचा अभ्यास फॉन हिप्पेल आणि करीम लखानी यांनी २००३ मध्ये मांडला. मदत करणाऱ्यांचे ९८ टक्के श्रम इतरांचे प्रश्न आणि उत्तरं वाचण्यात, म्हणजे स्वतः शिकण्यात जात होते. उत्तर लिहायला लागत होता तो उरलेला किरकोळ वेळ. सहकार्याला निव्वळ परोपकार समजणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

स्वतःच हात चालवणारी अशी माणसं किती असतील? ब्रिटनमधल्या एका पाहणीत सुमारे ६ टक्के प्रौढांनी आदल्या तीन वर्षांत घरगुती वापराची एखादी वस्तू स्वतः घडवली किंवा सुधारली असल्याचं आढळलं. त्यातल्या फारच थोड्यांनी पेटंट घेतलं. पेटंट आणि कंपन्यांचा संशोधनखर्च मोजून देशाची कल्पकता ठरवणाऱ्या सरकारांना ही माणसं दिसतच नाहीत, आणि मला हा मोठा अन्याय वाटतो.

मधुमेहाचं उदाहरण पाहा. जॉन कॉस्टिक या अमेरिकन सॉफ्टवेअर अभियंत्याच्या चिमुकल्या मुलाला टाइप-१ मधुमेह झाला. शरीरावरचा सेन्सर सतत साखर मोजत होता, पण आकडा दिसायचा मुलाजवळच्या छोट्या यंत्रावर. मूल घराबाहेर असलं की आईबाप अंधारात. २०१३ मध्ये कॉस्टिक यांनी तो आकडा इंटरनेटवरून आपल्या फोनवर आणला. इतर पालकांनी कोड मागितला, सुधारला, वाटला. त्यातून ‘नाइटस्काउट’ ही सामायिक सॉफ्टवेअर प्रणाली उभी राहिली. त्याच वर्तुळातल्या लोकांनी पुढे साखरेनुसार पंपातून मिळणारं इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करणारं ‘लूप’ हे सॉफ्टवेअर तयार केलं. त्यावर आधारलेल्या ‘टाइडपूल लूप’ला अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, जानेवारी २०२३ मध्ये मान्यता दिली.