फुप्फुसातील गुठळी आणि उजव्या हृदयाची साक्ष

पायाच्या खोल शिरेत तयार झालेली रक्ताची गुठळी सुटून हृदयामार्गे फुप्फुसाच्या धमनीत अडकते आणि कालपर्यंत हिंडताफिरता असलेला माणूस धाप लागून कोसळतो. या आजारास ‘पल्मनरी एम्बॉलिझम’ म्हणतात. मोठी शस्त्रक्रिया, दीर्घकाळ अंथरुणाला खिळणे, कर्करोग, बाळंतपण अशा प्रसंगी त्याचा धोका वाढतो. निदान बहुधा सी. टी. स्कॅनने होते. त्यानंतर नातेवाइकांचा एकच प्रश्न उरतो : रुग्ण वाचेल ना? त्याचे उत्तर शोधताना डॉक्टर हृदयाची सोनोग्राफी, म्हणजेच आपल्या परिचयाचा ‘टू-डी इको’, करावयास सांगतात.

गुठळी फुप्फुसात असताना तपासणी हृदयाची कशासाठी? कारण या आजारात मृत्यू ओढवतो तो मुख्यतः हृदयाची उजवी बाजू थकल्यामुळे. हृदयाचा डावा खालचा कप्पा सर्व शरीराला रक्त पुरवितो, म्हणून त्याची भिंत जाड असते. उजवा खालचा कप्पा केवळ फुप्फुसांकडे रक्त पाठवितो. त्याची भिंत पातळ असून त्याला कमी दाबाची सवय असते. पुढची वाट अकस्मात अडली की तो फुगतो आणि मधला पडदा डावीकडे ढकलतो. मग डाव्या कप्प्यात पुरेसे रक्त पोहोचत नाही व रक्तदाब कोसळतो.

हा ताण इकोमध्ये प्रत्यक्ष दिसतो. निरोगी माणसात उजवा कप्पा डाव्यापेक्षा लहान दिसतो. तो डाव्यापेक्षा मोठा दिसू लागला तर ती धोक्याची खूण होय. उजव्या झडपेचे वलय प्रत्येक ठोक्याला किती सरकते, हेही मोजतात. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हे अंतर १६ मिलिमीटरपेक्षा कमी असणे चिंतेचे लक्षण आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, सात देशांतील २,४५४ रुग्णांच्या अभ्यासात तीन महिन्यांत सुमारे १७ टक्के रुग्ण दगावले. ज्यांच्या उजव्या कप्प्याची हालचाल मंदावलेली होती, त्यांना मृत्यूचा धोका दुपटीहून अधिक असल्याचे त्यात आढळले.

तथापि, इको म्हणजे अंतिम निकाल नव्हे. रक्तदाब खालावला आहे काय, हा पहिला प्रश्न. तो खालावला असेल तर सहसा गुठळी विरघळविणारे औषध तातडीने दिले जाते. रक्तदाब ठीक असला तरी उजवे हृदय आतून झुंजत असू शकते, आणि इकोचे मोल येथेच कळते. इकोत ताण दिसला व रक्तातील ट्रोपोनिनही वाढलेले असले, तर रुग्णावर अहोरात्र नजर ठेवावी लागते.

मग अशा सर्वांनाच ते औषध का देत नाहीत? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे एक हजार रुग्णांच्या चाचणीत त्या औषधामुळे पहिल्या आठवड्यातील मृत्यू वा रक्ताभिसरण कोसळण्याचे प्रमाण ५.६ वरून २.६ टक्क्यांवर आले. परंतु पक्षाघाताचे प्रमाण ०.२ वरून २.४ टक्क्यांवर गेले. म्हणूनच रक्तदाब स्थिर असेपर्यंत डॉक्टर रक्त गोठू न देणारी औषधे देऊन थांबतात. हे थांबणे म्हणजे हयगय नव्हे.

आपले कोणी अतिदक्षता विभागात असल्यास डॉक्टरांना जरूर विचारावे : रक्तदाब स्थिर आहे ना? उजव्या हृदयावर ताण आहे काय? आणि तो वाढल्यास पुढे काय करणार?