ड्वार्फने जादू का शिकू नये?

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होऊन बोलतात, लढतात, अडकतात आणि सुटतात. जिथे यश मिळेल की नाही याची खात्री नसते, तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचं रूप एवढं साधं आहे. नव्या खेळाडूची खरी पंचाईत होते ती खेळ सुरू होण्याआधी, पात्राचा कागद भरताना. त्या कागदावर दोन रकाने सगळ्यात महत्त्वाचे असतात. एक रेसचा, म्हणजे पात्र कोणत्या कुळात जन्मलं: माणूस, एल्फ, बुटका नि दणकट ड्वार्फ, की त्याहून लहानखुरा हाफलिंग. दुसरा क्लासचा, म्हणजे त्याने कोणती विद्या कमावली: लढणारा फायटर, मंत्र जाणणारा विझर्ड, देवाच्या कृपेने जखमा भरून काढणारा क्लेरिक, कुलपं उघडणारा आणि सावलीतून सरकणारा रोग. इथे जाणकार मंडळी नवख्याला हमखास सांगतात की ड्वार्फ घेतलास तर फायटर हो, विझर्ड व्हायचं असेल तर एल्फ घे. हा सल्ला प्रेमाने दिलेला असतो, पण तो खेळाडूच्या हातातली निम्मी गंमत काढून घेतो. क्लास निवडावा तो आपल्याला टेबलावर काय करायला आवडतं ते पाहून. आणि रेस निवडावी ती क्लासशी जुळते म्हणून नव्हे, तर गोष्टीत काही नवं आणते म्हणून.

जोड्या जुळवायची ही सवय खेळाच्या जन्मापासूनची आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा क्लास तीनच होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक. ड्वार्फला त्यातला फक्त पहिला खुला होता, तोही अनुभवाच्या सहाव्या पातळीपर्यंतच. हाफलिंगची मजल चौथ्या पातळीला संपायची. माणसाला मात्र अशी कोणतीच मर्यादा नव्हती. सुरुवातीच्या छपाईत हाफलिंगचं नाव ‘हॉबिट’ असंच होतं. टोल्किनच्या कादंबऱ्यांचे हक्क असलेल्यांनी हरकत घेतल्यावर ते बदललं. त्यावरून ही कुळं कुठून आली तेही कळतं. १९८१च्या सोप्या आवृत्तीत तर दोन रकाने उरलेच नाहीत. त्यात ‘ड्वार्फ’ हाच एक क्लास होता आणि ‘एल्फ’ हा दुसरा. ड्वार्फ म्हणून जन्मलात की तुमचं काम ठरलेलं. पुढे २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने ही कुंपणं काढली आणि कोणत्याही रेसला कोणताही क्लास खुला केला. तरी जन्मासोबत मिळणारे गुण राहिलेच: एल्फ चपळ, ड्वार्फ चिवट, हाफ-ऑर्क ताकदवान. दार उघडं होतं, पण कोणी कुठल्या दारातून जावं याचा इशारा आकड्यांत लिहिलेला होता.

मग त्या आकड्यांचंच वजन करून पाहू, कारण जोड्या जुळवण्याच्या बाजूचा सगळा युक्तिवाद त्यांवर उभा आहे. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीचे नियम घ्या. नव्या पात्राला सहा गुणांत वाटायला १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे ठरावीक आकडे मिळतात. विझर्डसाठी बुद्धी सर्वांत मोलाची, म्हणून १५ तिथे. हाय एल्फला जन्मानेच बुद्धीत एक गुण जास्त, म्हणजे १६. डोंगरी ड्वार्फला काहीच नाही, तो १५वर. फाशात मिळवायची भर या गुणावरून ठरते: १५ला दोन, १६ला तीन. फरक एकाचा. वीस बाजूंच्या फाशावर एकाचा फरक म्हणजे शंभरात पाच, वीस वेळा मंत्र टाकला तर सरासरी एकदा निकाल बदलणार. आता दुसरी बाजू पाहा. डोंगरी ड्वार्फला मध्यम वजनाचं चिलखत वापरण्याचं शिक्षण घरातूनच मिळालेलं असतं आणि ते अंगावर असूनही तो मंत्र म्हणू शकतो. साध्या झग्यातल्या एल्फचा बचाव १२ असताना, खवल्यांचं चिलखत मिळवलेला हा ड्वार्फ १५वर उभा असतो. एल्फलाही मंत्राने १५ गाठता येतात, पण त्यासाठी पहिल्या पातळीवरच्या दिवसभराच्या दोन मंत्रशक्तींपैकी एक खर्ची पडते. शिवाय ड्वार्फ जास्त घाव सोसतो आणि विषाला सहजी बधत नाही. ‘चुकीची’ म्हणून बाजूला ठेवलेली जोडी अशी प्रत्यक्षात तगडी निघते. पण केवळ दोघे तुल्यबळ आहेत म्हणून हा ड्वार्फ निवडा असं मी म्हणत नाही. ते दुय्यम आहे. आकड्यांची भीती दाखवून जी निवड अडवली जाते तिच्यामागे तेवढे आकडेच नाहीत, हे मला दाखवायचं आहे.

क्लासचं मात्र तसं नाही. क्लास बदलला की पात्र टेबलावर काय करतं तेच बदलतं. चवताळून लढणारा बार्बेरियन पहिल्या पातळीवर १२ आणि विझर्ड ६ या पायावर आपली जीवनशक्ती मोजतो, म्हणजे एक जण दारात छाती काढून उभा राहणार आणि दुसरा खांबाआडून बोटं फिरवणार. फायटरची पाळी आली की खेळाडू फासा उचलतो आणि वार करतो. विझर्डची पाळी आली की खेळाडूला मंत्रांच्या यादीतून निवड करावी लागते, आणि तो मंत्र आत्ता वापरावा की राखावा हे ठरवावं लागतं. गाणाऱ्या बार्डला बोलण्यातून कामं काढता येतात, रोगला योग्य जागी आणि योग्य क्षणी असावं लागतं. ज्याला हिशेब आवडत नाही त्याच्या हातात विझर्ड दिला तर तीन तासांत तो कंटाळतो, मग तो विझर्ड कितीही योग्य कुळातला असो. म्हणून नवख्याला विचारायचाच असेल तर ‘तुला काय व्हायचंय’ हा प्रश्न विचारू नये. पाळी आल्यावर तुला काय करायला आवडेल, हे विचारावं.

यावर एक आक्षेप योग्यच आहे. हा खेळ एकट्याचा नसतो; कमकुवत पात्र आणणारा सगळ्या टोळीला अडचणीत घालतो, मग हौसेसाठी इतरांनी किंमत का मोजावी? पण टोळीला धोका कशाचा असतो ते नीट बघितलं पाहिजे. बुद्धीच्या एका गुणाने टोळी बुडत नाही. चौघांनीही रोग घेतला आणि जखमा भरणारा कोणीच उरला नाही, म्हणजे ती बुडते. ती पोकळी क्लासच्या रकान्यातली आहे, रेसच्या नाही. क्लास ठरवताना सोबत्यांशी जरूर बोलावं, वाटून घ्यावं. तेच सौजन्य रेसच्या रकान्यात मागण्याला मात्र आधार नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो जुन्या खेळाडूंकडून तळमळीने येतो. सगळ्यांना सगळंच जमत असेल तर ड्वार्फ असण्याला अर्थ काय? मग ही वेगवेगळी कुळं म्हणजे एकाच माणसाला चढवलेले वेगवेगळे पोशाख ठरतील. ही काळजी मला पटते, पण उपाय पटत नाही. कुळाचं वेगळेपण गुणांच्या बेरजेत कधीच फारसं नव्हतं. ते अंधारात दिसणाऱ्या डोळ्यांत आहे, शतकानुशतकं जगणाऱ्या एल्फच्या सावकाश स्मरणशक्तीत आहे. हाफलिंग बार्बेरियनची कल्पना करा. समोर ओगर हा धिप्पाड राक्षस उभा आहे. त्याच्या गुडघ्याएवढा हा वीर चवताळून धावतो आणि आपल्या कुळाच्या चपळाईने त्याच्या दोन पायांमधून पलीकडे जातो. नियम त्याला आपल्यापेक्षा मोठ्या प्राण्याच्या जागेतून वाट काढू देतात. फासा एकावर पडला तर हाफलिंगला तो पुन्हा टाकायची मुभाही आहे. अशा वेळी हाफलिंग असणं आणि बार्बेरियन असणं दोन्ही लख्ख दिसतं, एकमेकांवर घासून दिसतं. उलट ताकदवान कुळातला ताकदवान लढवय्या घेतला, तर कुळ कुठे संपतं आणि पेशा कुठे सुरू होतो ते कळतच नाही. जन्म अदृश्य होतो. कुळाची परंपरा जपायची असेल तर तिला ओलांडणारं पात्रच ती जास्त दाखवतं, कारण त्याला आपल्या लोकांना उत्तर द्यावं लागतं. हातोडी सोडून मंत्रांची वही उचलणाऱ्या ड्वार्फला त्याचा बाप काय म्हणाला असेल, हे विचारल्यावाचून डंजन मास्टरला राहवत नाही.

जन्मावरून काम ठरतं ही कल्पना मराठी वाचकाला परकी नाही. ती मोडायला जोतीराव फुले आणि बाबासाहेब आंबेडकर यांनी आयुष्यं वेचली. खेळातली रेस आणि इथली जात यांची तुलना करू नये. एक कल्पनेतली सोय आहे, दुसरी माणसांनी भोगलेली यातना. पण म्हणूनच, कल्पनेच्या राज्यातही, जिथे ड्रॅगन उडू शकतो तिथे ड्वार्फला पाटी-पेन्सिल नाकारायची सवय आपण विचार न करता उचलू नये. खेळाच्या कर्त्यांनाही हे हळूहळू जाणवलं असावं. २०२०च्या एका पूरक पुस्तकाने जन्माचे गुण हवे तिथे हलवण्याची परवानगी दिली. २०२४च्या नव्या ‘प्लेयर्स हँडबुक’ने तर ‘रेस’ हा शब्दच सोडून ‘स्पीशीज’ घेतला आणि गुणांची भर कुळाकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली: तो शेतकरी होता, सैनिक होता की लेखनिक, यावरून आता ती मिळते. त्याच पुस्तकात एक बदल झाला आहे, ज्याच्याकडे फार कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. २०१४च्या पुस्तकात पात्र घडवण्याची पहिली पायरी रेस होती आणि दुसरी क्लास. २०२४च्या पुस्तकात पहिली पायरी क्लास आहे, आणि आपण कुठून आलो हा प्रश्न त्याच्या मागून येतो.