डासाला डेंग्यू का होत नाही?

डेंग्यूचा विषाणू एडिस डासाच्या अंगात मरेपर्यंत राहतो, तरी डास सहसा फारसा आजारी पडत नाही. आपल्यासारख्या अँटिबॉडी तर त्याच्याकडे नाहीतच! मग?

विषाणू स्वतःच्या प्रती काढतो तेव्हा दुहेरी धाग्याचा आरएनए तयार होतो. डायसर-२ हे प्रथिन तो हेरून त्याचे २१ अक्षरांचे तुकडे पाडतं. अर्गोनॉट-२ हे दुसरं प्रथिन त्यातला एक धागा वॉरंटसारखा घेऊन फिरतं. जुळणारा विषाणूचा आरएनए सापडला की कापलाच. हीच यंत्रणा फळमाश्यांतही असते; डायसर-२ बिघडलेल्या फळमाश्या विषाणूंच्या संसर्गाने लवकर मरतात.

मला मात्र विषाणूंची चलाखी जास्त आवडते. फ्लॉक हाउस या कीटकांना होणाऱ्या विषाणूचं बी२ प्रथिन दुहेरी आरएनएला असं चिकटून बसतं, की डायसरला तो कापताच येत नाही.