पाण्याला मुदत हवी

फार उंचावरून पडणाऱ्यास पाणी काँक्रीटसारखे कठीण लागते, हे विधान शास्त्रास मंजूर आहे काय, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे. मंजूर नाही. 10 मीटर उंचीच्या फलाटावरून सूर मारणारा स्पर्धक पाण्याला भिडतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला 14 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 50 किलोमीटर असतो. तरी तो हात पुढे करून नीट शिरला तर हसत काठावर येतो, आणि हा पराक्रम काँक्रीटवर कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

पाणी कठीण होत नाही; त्यास जागा खाली करण्याची मुदत मिळत नाही, इतकेच. हवेच्या सुमारे 800 पट घनतेचा हा ऐवज बाजूस सारावयाचा म्हणजे त्यास वेग द्यावा लागतो, आणि त्याची वसुली पडणाऱ्याच्या अंगावरून होते. विहिरीत सूर मारताना पोट आपटून, लालबुंद कातडी चोळीत जे पायऱ्यांवर बसले असतील, त्यांस हे निराळे सांगावयास नको. 1929 साली फॉन कार्मान यांनी पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी हाच हिशेब मांडला: विमानाच्या तळाबरोबर पाण्याचेही काही वस्तुमान गतिमान होते व संवेगात वाटेकरी होते, तळ पाचरीसारखा असेल तर हा वाटेकरी क्रमाक्रमाने दाखल होतो, सपाट असेल तर एकदम.

परंतु माझा जीव जडला आहे तो त्याआधीच्या आर्थर वर्दिंग्टन यांच्यावर. अंधाऱ्या खोलीत विजेच्या ठिणगीच्या क्षणभर उजेडात पाण्याचे उडणे पाहून त्यांनी वर्षानुवर्षे सुबक, सममित चित्रे काढली. पुढे छायाचित्रे हाती आली तेव्हा ती बहुधा वेडीवाकडी निघाली, आणि आपल्याच डोळ्यांनी आपणास फसविले, अशी कबुली या गृहस्थाने छापून दिली. 1908 सालच्या त्यांच्या ग्रंथात गुळगुळीत व खरबरीत गोळ्यांची तुलना आहे. गुळगुळीत गोळ्याच्या अंगावरून पाणी चढत जाते व तो जवळजवळ निःशब्द बुडतो. खरबरीत गोळा मात्र पाण्यात हवेचा खड्डा पाडीत, तुषार उडवीत जातो. वजन तेच, वेग तोच, फरक केवळ कातडीचा! काँक्रीट असली चौकशी करीत नाही.

घरी बादलीत करून पाहावे. काचेची गोटी स्वच्छ व कोरडी पुसून हातभर उंचीवरून सोडावी, मग तिचीच जोडीदार धुळीत लोळवून. पुसलेल्या गोटीस बोटांचा तेलकटपणा मात्र लागू देऊ नये.