दवाखान्यातील हवा किती वेळा बदलते?

क्षयरोग हवेतून पसरतो, हे आज आठवीतला विद्यार्थीही सांगेल. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र डॉक्टरांमध्येही याबाबत एकमत नव्हते. रुग्णाची थुंकी, त्याची भांडी, अंथरुणावरची धूळ यांचाच संशय अधिक घेतला जाई. हवेवरचा आरोप सिद्ध कसा झाला, ती हकीकत मोठी मनोरंजक आहे.

खोकल्याबरोबर उडालेल्या तुषाराचे पुढे काय होते, याचा विचार विल्यम वेल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३४ साली मांडला. तुषार खाली पडत असतो आणि त्याच वेळी वाळतही असतो. पडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हे स्टोक्सच्या नियमावरून तुम्हांला ठाऊक असेलच. व्यास दहापट कमी झाला, तर वेग शंभरपट कमी. १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब दोन मीटर उंचीवरून सात-आठ सेकंदांत जमिनीवर येतो. त्याहून लहान थेंब वाटेतच आटतो व मागे उरतो जंतूसह एक सूक्ष्म शुष्क कण. तो ५ मायक्रॉनचा असला, तर स्तब्ध हवेतही तेवढेच अंतर उतरायला त्याला पाऊण तास लागतो. आणि दवाखान्यातील हवा स्तब्ध असते कुठे? अशा कणांपुढे फरशी पुसून काय होणार?

वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी बाल्टिमोर येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात याचा पुरावा मिळवला. क्षयरोग्यांच्या सहा खोल्यांमधून बाहेर पडणारी हवा नळ्यांवाटे वर नेऊन सुमारे दीडशे गिनीपिग ठेवलेल्या कक्षात सोडली. रुग्ण आणि प्राणी यांच्यात हवेखेरीज कोणताही दुवा नव्हता. दोन वर्षांत ७१ गिनीपिगांना लागण झाली. पुढे, १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, त्याच हवेच्या दोन वाटा केल्या आणि एका वाटेवर अतिनील किरणांचे दिवे लावले. त्या वाटेवरच्या एकाही गिनीपिगाला लागण झाली नाही. औषधोपचार सुरू असलेल्या रुग्णांकडून प्रसार फारच कमी होतो, हेही तेव्हाच दिसून आले. तेव्हा खरी धास्ती बाळगायची ती रोगाचे निदानच न झालेल्या, बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत खोकत बसलेल्या माणसाची; आणि त्या रांगेजवळ दिवसभर काम करणाऱ्या परिचारिकेची काळजी करायची.

दिवे सगळीकडे नसतात, खिडक्या असतात. पण खिडकीने नेमके काय साधते? एक बादली पाण्याने भरून त्यात नीळ कालवा आणि तिच्यावर नळ सोडा. बादलीभर नवे पाणी आत गेले, म्हणजे सारी नीळ गेली असे होत नाही. नवे पाणी जुन्यात मिसळत जाते आणि सुमारे ३७ टक्के नीळ उरते. आणखी एका बादलीनंतर १४ टक्के, तिसरीनंतर ५. हवेचेही तसेच. तासाला बारा वेळा हवा बदलणाऱ्या खोलीत पाच मिनिटांत हवा स्वच्छ होते, अशी समजूत असते. पण ९९ टक्के कण जायला तेवीस मिनिटे लागतात. लॉगॅरिथमचे कोष्टक घेऊन हे पडताळून पाहा, शिक्षकांनी वर्गात करून घेतले तर उत्तमच.

पेरूची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांमध्ये खोल्यांत कार्बन डायॉक्साइड सोडून तो किती वेगाने ओसरतो हे मोजले गेले. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दारे-खिडक्या उघड्या असताना हवा तासाला २८ वेळा बदलत होती. बंद असताना त्याच्या अठराव्या हिश्शाइतकीच, म्हणजे जेमतेम दीड वेळा. आपल्या गणिताप्रमाणे पहिल्या खोलीत ९९ टक्के कण दहा मिनिटांत जातील, दुसरीत तीन तास लागतील. गंमत म्हणजे उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या पन्नास वर्षांहून जुन्या इमारतींत हा आकडा ४० होता आणि नव्या इमारतींत १७. जुन्या गवंड्यांना स्टोक्सचा नियम माहीत नसावा, पण उकाडा नक्कीच माहीत होता!

अर्थात वारा पडला किंवा थंडीमुळे रात्री खिडक्या लावल्या, की हे सारे आकडे कोसळतात. छताचा पंखा येथे उपयोगी नाही; बंद खोलीत तो तीच हवा घुसळतो. खिडक्याही समोरासमोर हव्यात, नाहीतर वारा आत येतो आणि तिथेच घुटमळतो. तपासणीच्या खोलीत वारा डॉक्टरांच्या पाठीकडून येऊन रुग्णावरून बाहेर जावा, अशा बेताने खुर्च्या मांडतात. दुपारून वारा फिरला, की खुर्च्याही फिरवाव्या लागतात.