वादळात टॉवर टिकतो, पण हॅम रेडिओ मुका होतो! कारण असतं नीट न बांधलेली केबल

२६ डिसेंबर २००४. आधी भूकंप आणि पाठोपाठ त्सुनामी. अंदमान-निकोबारमधली संपर्कयंत्रणा कोलमडली. भारती प्रसाद यांच्यासह हॅम रेडिओ चालवणाऱ्यांची एक टीम तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्येच होती. खरं तर ही मंडळी तिथे गेली होती जगभरातल्या हौशी रेडिओवाल्यांशी गप्पा मारायला. पण त्या दिवसापासून त्यांचे रेडिओ बेटांवरचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोहोचवू लागले.

हॅम रेडिओ म्हणजे परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन चालवलेलं हौशी रेडिओ केंद्र. एका अँटेनातून निघालेल्या लहरी थेट दुसऱ्या अँटेनापर्यंत जातात. मध्ये ना मोबाईल टॉवर लागतो, ना इंटरनेट. म्हणूनच २००१ च्या भूज भूकंपातही ही मंडळी उपयोगी पडली.

पण या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. रेडिओ खोलीत असतो आणि अँटेना उंच टॉवरवर. दोघांना जोडते फक्त एक केबल. ती तुटली, घासली किंवा तिच्यात पाणी शिरलं, तर लाखमोलाचा रेडिओही मुका होतो.

केबल बांधायची, त्यात काय एवढं?

टॉवरवर वापरतात ती कोअॅक्सियल केबल. डिश टीव्हीला असते तशीच, पण बहुतेकदा जास्त जाड. मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती प्लास्टिक किंवा फोम, त्यावर तारेची जाळी आणि सगळ्यात बाहेर काळं आवरण.

आरजी-२१३ या नेहमीच्या केबलचं १०० मीटरचं वजन साधारण १५ किलो भरतं. म्हणजे २० मीटरच्या टॉवरवर जवळपास ३ किलो वजन लटकतं. केबल मध्ये कुठेच बांधलेली नसेल, तर हा सगळा भार वरच्या कनेक्टरवर येतो. त्यात वारा तिला दिवसरात्र हलवत राहतो. हळूहळू कनेक्टरची पकड सैल होते. टॉवरच्या लोखंडी कडांवर घासून आवरणही फाटतं.

मग पाऊस आपलं काम करतो. आत शिरलेलं पाणी तारेच्या जाळीतून पुढेपुढे सरकतं, जसं दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. जाळी गंजते आणि सिग्नल वाटेतच विरतो. केबलमध्ये ३ डेसिबलची घट झाली, तर रेडिओची निम्मी शक्ती अँटेनापर्यंत पोहोचतच नाही. वरून मात्र काहीच दिसत नाही, त्यामुळे संशय बिचाऱ्या रेडिओवर जातो.

मग घट्ट आवळून टाकली तर?

इथेच अनेकांची गफलत होते. मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं असेल, तरच केबलचा ५० ओहमचा ठरलेला गुण टिकतो. टाय करकचून आवळला की केबल तिथे चपटी होते आणि तो गुण बिघडतो. सिग्नलचा काही भाग तिथूनच मागे फिरतो. आत फोम असेल तर केबल आणखी लवकर दबते. जोरात वाकवल्यावरही हेच होतं.

थोडक्यात, केबल धरून ठेवायची असते, गळा आवळायचा नसतो.

कशाने बांधायची?

पांढरे केबल टाय स्वस्त मिळतात, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी ठिसूळ होऊन तुटतात. काळ्या टायमध्ये कार्बन असतो, तो हे किरण अडवतो. त्यामुळे बाहेरच्या कामासाठी उन्हात टिकणारे काळे टायच घ्यावेत.

बरेच अनुभवी लोक चांगल्या प्रतीची, उन्हात टिकणारी टेप वापरतात. केबल आणि टॉवरचा पाय यांच्याभोवती मिळून चार-पाच वेढे द्यायचे. शेवटचा वेढा न ताणता चिकटवायचा, नाहीतर टेपचं टोक सुटून वाऱ्यावर फडफडू लागतं.

उघडी तांब्याची तार मात्र नको. जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडाला तांबं चिकटलं आणि वर पाणी पडलं, की जस्त झिजून टॉवरला गंज चढतो. बारीक तार केबललाही काचते.

बांधायची पद्धत

केबल दोरीने वर ओढावी, कनेक्टरला धरून कधीच नाही. आधी वरच्या टोकाशी पक्का आधार द्यावा आणि मग साधारण एकेक मीटरवर बांधत खाली यावं. केबल टॉवरच्या एकाच पायाला, शक्यतो आतल्या बाजूने न्यावी, म्हणजे चढणाऱ्याच्या पायात ती येत नाही.

अँटेना फिरवणारी मोटर असेल, तर तिथे केबलला मोकळा वळसा ठेवावा. अँटेना दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून केबल ताणली जात नाही ना, हे बघावं. कनेक्टरवर ताणून गुंडाळली की स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप लावावी. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथेच टपकतं, भिंतीतून आत येत नाही.

केबलची बाहेरची जाळी टॉवरच्या वर आणि खाली अर्थिंगला जोडणंही गरजेचं. तरीही वीज थेट कोसळली तर शंभर टक्के खात्री नसते. ढग गडगडायला लागण्याआधीच केबल रेडिओपासून काढून ठेवलेली बरी.

आणि जीव आधी, केबल नंतर. टॉवरवर चढताना पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट हवा, खाली मदतीला माणूस हवा. जवळून विजेच्या तारा जात असतील, तर तिथे टॉवर उभारूच नये.

पावसाळ्याआधी घराची कौलं शाकारतात, तसं टॉवरचंही बघावं. तुटलेला टाय, सुटलेली टेप, घासलेलं आवरण मे महिन्यात सापडलं तर अर्ध्या तासाचं काम. तेच वादळाच्या रात्री, मोबाईल बंद पडलेले असताना समजलं, तर टॉवरवर चढून ते दुरुस्त करणं कुणालाच शक्य नसतं.