एक ‘ब्लू’, दोन निळे

चित्रकलेच्या तासाला बाई म्हणाल्या, “आकाश निळं रंगवा, समुद्रही निळा रंगवा,” तर तुम्ही काय कराल? एकच रंग घ्याल आणि आकाशासाठी त्यात पाणी जरा जास्त घालाल. झालं काम! रशियातली मुलं मात्र विचारतील, “निळा म्हणजे नक्की कोणता?”

त्याचं असं आहे, रशियन भाषेत फिकट निळ्याला ‘गलुबोय’ म्हणतात आणि गडद निळ्याला ‘सीनी’. एकाच रंगाच्या या दोन छटा नव्हेत, बरं का! तांबडा आणि गुलाबी आपल्याला जसे वेगळे वाटतात, तसेच हे त्यांना वेगळे वाटतात.

म्हणूनच इंग्रजीतलं ‘ब्लू’ हे विशेषण त्यांना कोड्यात टाकतं. ‘ब्लू आईज’ म्हटलं की डोळे ‘गलुबोय’. ‘ब्लू जीन्स’ बहुधा ‘सीनी’. पण नुसतं ‘ब्लू कार’ लिहिलं असेल तर? गाडी पाहिल्याशिवाय भाषांतर कसं करणार? उलट, रशियनमधून इंग्रजीत जाताना ‘लाइट ब्लू’, ‘डार्क ब्लू’ अशी जोड द्यावी लागते. त्यातून ‘आय ॲम फीलिंग ब्लू’ म्हणजे ‘मी उदास आहे’. इथे शब्दाला शब्द ठेवला, तर माणूसच निळा व्हायचा!

२००७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वर एक निळा चौकोन, खाली दोन. वरच्यासारखा कोणता ते झटपट सांगायचं. खालचा एक ‘गलुबोय’ आणि दुसरा ‘सीनी’ असला, की रशियन भाषक जास्त चटकन ओळखत. इंग्रजी भाषकांना असा फायदा होत नसे. गंमत म्हणजे, मनात आकडे घोकायला लावले की रशियनांचा हा फायदाही नाहीसा होई! म्हणजे डोळे काही निराळे नव्हते. मनातला शब्द गुपचूप मदत करत होता.

आता आपलं ‘तानापिहिनिपाजा’ आठवा. त्यात ‘नि’ निळ्याचा आणि ‘पा’ पारव्याचा. पारवा हा रंग पारवा पक्ष्यावरून आला. आणि ‘गलुबोय’ कशावरून आला, ठाऊक आहे? ‘गोलुब’वरून. गोलुब म्हणजे कबूतर, आपला पारवाच की!

तेव्हा नवी भाषा शिकताना शब्दाचा नुसता अर्थ पाठ करू नका. तो शब्द कुठवर चालतो, तेही पाहा. आणि हो, आज रंगपेटी उघडून आई-बाबांना विचारा : यातले निळे किती?